निळ्या वेलीचे चोवीस नग

सुनेला वेगळं घर कधी द्यायचं, यावरून या कुटुंबात कधी भांडण झालं नाही, कारण त्याचा नियमच ठरलेला होता. वर्षअखेरच्या सुट्टीत सासूबाई प्रत्येक सुनेला तिने निवडलेल्या नक्षीतली दोन भांडी भेट देणार. अशी चोवीस भांडी झाली की डिनर सेट पुरा, आणि जिचा सेट आधी पुरा होईल तिच्या हातात गल्लीपलीकडच्या दोन खोल्यांची किल्ली. फुटलेला नग आधी भरून काढायचा, मग पुढचा मोजायचा. नक्षी सगळ्यांवर एकच हवी. आणि शेवटची अट सगळ्यात खाष्ट. चोवीसच्या चोवीस नग सुट्टीतल्या मोठ्या जेवणाला टेबलावर मांडायचे, त्यांत वाढायचं, खायचं, धुवायचं, पुसायचं, आणि सगळे धडधाकट कपाटात परत गेले तरच सेट झाला म्हणायचं.

"जिला चोवीस भांडी सांभाळता येत नाहीत, ती घर काय सांभाळणार?" असं सासूबाई म्हणत. त्यांच्या सासूबाईही असंच म्हणायच्या. त्यांच्या आधीच्या काय म्हणायच्या, हे सांगायला आता कोणी उरलेलं नव्हतं.

धाकट्या सुनेचं हे बारावं वर्ष. तिच्याकडे बावीस नग होते आणि बारा वर्षांत तिच्या हातून एकाचाही टवका उडाला नव्हता. थोरलीला सोळा वर्षं झाली होती आणि तिच्याकडे होते एकोणीस, कारण तिच्या हाताला भोकं होती असं सगळे म्हणत, आणि तीही हसून म्हणे. जवळजवळ दर सुट्टीत एखादा बाऊल नाहीतर प्लेट ती फोडायचीच. "चला, माझं यंदाचं झालं," म्हणत केरसुणी आणायला जायची. तिच्या दोन पोरी टाळ्या वाजवायच्या. धाकटी मात्र आपली भांडी जुन्या टॉवेलांत गुंडाळून ठेवी आणि त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

ही निळ्या वेलीची नक्षी तिने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात निवडली होती, दहा मिनिटांत. खरं म्हणजे तिला साधा पांढरा सेट आवडला होता. पण सासूबाईंची नजर निळ्या वेलीवर जरा जास्त रेंगाळली, आणि नवी सून म्हणजे वारा वाहील तशी पाठ फिरवणार. तिने निळ्या वेलीवर बोट ठेवलं. पुढे ती वेल सुंदर आहे की भिकार हे बघणंही तिने सोडून दिलं. एकेक नग म्हणजे त्या किल्लीच्या दिशेने एकेक पाऊल, एवढंच.

याचं कारण, ती आता राहत होती ती खोली. खोली तशी वाईट नव्हती, पण कपडे वाळत घालायच्या बाल्कनीची वाट तिच्यातूनच जायची. सकाळी थोरली ओले कपडे घेऊन आत, दुपारी सासूबाई कपडे उलटायला आत, संध्याकाळी पोरी चिमटे काढायला आत. दाराला कडी होती, पण कडी लावली की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणायचं, "अगं, टॉवेल आत राहिलेत." नवरा-बायकोनं बोलायचं ते कुजबुजत. बारा वर्षं कुजबुजून तिचा आवाजच खाली गेला होता. माहेरी फोन केला की आई विचारायची, "बरं नाही का गं तुला?"

भाड्याने खोली घेता आली नसती असं नाही. नवरा कमावता होता, मूलबाळ नव्हतं, दोघांना कितीशी जागा लागते? पण समोर स्वतःचं घर रिकामं असताना भाड्याच्या घरात जायचं म्हणजे भांडून बाहेर पडायचं, आणि भांडायला सासूबाई वाईट तरी हव्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. सून आजारी पडली तर रात्र-रात्र उशाशी बसायच्या, तिच्या आवडीची चादर लक्षात ठेवून आणायच्या. वाईट माणसाच्या घरातून बाहेर पडता येतं. चांगल्या माणसाच्या घरातून कसं पडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सासूबाईंचा एक शोकेस होता, चिनी मातीच्या कुत्र्यांचा. एक्केचाळीस कुत्री. बसलेली, झोपलेली, कान टवकारलेली. दर शनिवारी ती एकेक करून पुसायचं काम धाकटीकडे होतं, कारण थोरलीला कुत्री द्यायची कुणाची छाती नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या दोन खोल्यांची बंद खिडकी दिसायची. कुत्री पुसता पुसता धाकटी मनातल्या मनात ते घर लावायची. ओट्यावर हे, फळीवर ते, आणि दाराची कडी आतून लावलेली.

तर या वर्षी शेवटचे दोन नग घ्यायला तिघं दुकानात गेली. सासूबाई, धाकटी आणि तिचा नवरा. काचसामानाचं दुकान अरुंद आणि लांबलचक, छतापर्यंत गवतात भांडी रचलेली खोकी. दुकानदार काका भांडं हातात घेतलं की बोटाच्या पेरानं वाजवून बघत. धड भांडं खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द. सासूबाई स्टुलावर बसून बेचाळिसावं कुत्रं निवडण्यात गुंगल्या होत्या.

काकांनी खोक्यातून एक झाकणाचं वाढायचं भांडं आणि एक मोठी लंबगोल प्लेट काढली. दोन्ही वाजवून दाखवली. खणखणीत.

"नशीबवान आहात," ते म्हणाले. "निळ्या वेलीचे हे शेवटचे दोन नग. कारखान्याने ही नक्षी बंद केली. आता मागून मिळायची नाही."

"म्हणजे एखादं फुटलं तर?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"फुटलं तर संपलं. मग दुसरी नक्षी घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात." काका हसले. "पण यांच्या हातून काय फुटणार! बारा वर्षं बघतोय मी."

धाकटीला आनंदाची उकळी फुटली. झाले चोवीस. नवऱ्याकडे बघितलं तर तो प्लेटच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्यालाही भरून आलं असेल, असं तिला वाटलं. सासूबाईंनी कान पाडून बसलेलं एक पिल्लू घेतलं आणि जाता जाता काकांकडून नव्या नक्षींचं पुस्तकही मागून घेतलं, थोरलीसाठी. "तिचीही नक्षी कधी बंद पडेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

सुट्टीचा दिवस उजाडला. धाकटी पहाटेपासून उठून बसली होती. चोवीसही नग तिने स्वतः टॉवेलांतून सोडवले, स्वतः मांडले, आणि जेवणभर डोळ्यांत तेल घालून बसली. तिने काय खाल्लं ते तिचं तिलाच आठवेना. एखाद्या पोरीनं कोपर हलवलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. मोठ्या दिरांनी सूप संपवून बाऊल टेबलाच्या काठाशी सरकवला, तेव्हा तिने उठून तो मध्ये ओढला, आणि सगळे हसले. "अगं, जेव की!" सासूबाई म्हणाल्या. "हातातोंडाशी आलाय घास, आता कुठे पळतोय?"

जेवणं झाली. भांडी धुवायची ती ज्यांची त्यांनी. थोरली आपण होऊन चार हात लांब जाऊन बसली आणि म्हणाली, "मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही बाई आज. उगीच माझ्या हाताची हवा लागायची." धाकटीने एकेक नग धुतला आणि नवऱ्याने एकेक पुसून टेबलावर जाड चादरीवर ठेवला. मग दोघांनी कामं बदलली. ती कपाटापाशी उभी राहिली आणि तो आणून देऊ लागला. मोठ्या प्लेटा सहा. छोट्या सहा. बाऊल सहा. वाढायची भांडी एक, दोन, तीन, चार, पाच. ती कपाटात पाचवं ठेवून वळली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. तो लंबगोल प्लेट घेऊन तीन पावलं आला. चौथ्या पावलाला त्याने हात उघडले.

प्लेट निसटली नाही. त्याने हात उघडले. तिने ते स्पष्ट बघितलं, दिवसाढवळ्या, दोन हातांच्या अंतरावरून.

आवाज सगळ्या घरात गेला. सासूबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या. "अगंबाई गं! शेवटची?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "तुला किती वेळा सांगितलं, ओल्या हातांनी भांडं धरू नये म्हणून!" हे मुलाला. मग त्यांनी सुनेला जवळ घेतलं. "रडू नकोस. बारा वर्षं म्हणजे काही जन्म नाही. मला तर एकवीस लागली होती, आणि किल्ली हातात आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी गेलेच नाही." थोरली केरसुणी घेऊन आली. "या वेळी मी नाही हं," ती सवयीने म्हणून गेली. पण कुणीच हसलं नाही, तेव्हा तिने तुकडे भरले. उठताना तिने दोघांकडे एकदा आळीपाळीने बघितलं. मग ती पोरींना घेऊन बाहेर गेली आणि जाताना तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. या घरात दुसऱ्यासाठी कुणी दार ओढून घेतल्याचं धाकटीला तरी आठवत नव्हतं.

"हात ओले नव्हते तुमचे," ती म्हणाली.

तो फडक्याची घडी घालत राहिला.

"मी बघितलंय. तुम्ही सोडलीत."

"हळू बोल."

"बारा वर्षं हळूच बोलतेय." तरी आवाज खालीच होता, वर यायला तयारच नव्हता. "आईंना सोडून जायचं नाही का तुम्हाला? तसं असेल तर तसं सांगा. मी काही राक्षसीण नाही."

"आईचं काय त्यात? गल्ली ओलांडली की आई."

"मग?"

त्याने घडी उलगडली आणि परत घातली. माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायची सवयही त्याला नव्हती, म्हणून तर पकडला गेला.

"तिथे आपण दोघंच असणार," तो म्हणाला.

"हो. त्यासाठीच तर..."

"इथे कसं, आई बोलते, वहिनी बोलते, पोरींचा धिंगाणा असतो. दिवस निघून जातो. तिथे तू आणि मी समोरासमोर जेवायला बसणार. रोज. बोलायचं काय आपण?"

"हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली. "कितीतरी आहे बोलायला."

"काय?"

ती सांगणारच होती. तोंड उघडलंही. पण जे जे जिभेवर आलं ते त्या दोन खोल्यांचंच होतं. पडदा कुठल्या रंगाचा, ओट्याशेजारी फळी मावेल का, खिडकी रस्त्याकडे उघडायची की आत. बारा वर्षं कुजबुजून दोघं बोलली ते तेवढंच. त्याला कुठल्या गोष्टीची भीती वाटते हे तिला माहीत नव्हतं. आजवर तिने विचारलं नव्हतं आणि त्यानेही तिला कधी काही विचारलं नव्हतं. सगळं तिथे गेल्यावर बोलू, असं ती धरून चालली होती.

"कधीपासून वाटतंय तुम्हाला हे?" तिने विचारलं.

"दुकानात. काका म्हणाले, शेवटचे दोन. मी घाबरलोच. तुझा चेहरा तर असा उजळला होता... तुला नाही वाटत कधी भीती?"

नाही, असं म्हणायचं होतं तिला. ती रागावली होती आणि राग खरा होता. बारा वर्षं या सेटसाठी मी ताकही फुंकून प्यायले, आणि यानं दोन हात उघडले की संपलं! पण रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि आज ते तिला लख्ख दिसलं. जेवणभर पोटात जो दगड होता तो प्लेट फुटल्याबरोबर नाहीसा झाला होता. आत्ता संध्याकाळी कुलूप काढून त्या बंद खिडकीच्या आत पाऊल टाकावं लागणार नाही, दार लावून या माणसासमोर बसावं लागणार नाही, म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. वाटलं होतं, खोटं कशाला बोला? आणि फुटलेल्या प्लेटपेक्षा तिला त्याचंच जास्त रडू आलं.

"ए, बाहेर या दोघं," सासूबाईंनी हाक मारली. "असं आत बसून काय होणार?"

नवऱ्याने दार उघडलं आणि तिला आधी जाऊ दिलं. बाहेर सोफ्यावर सासूबाई ते नक्षींचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. थोरलीने सरकून दोघींच्या मध्ये जागा केली. धाकटी तिथे बसली. दोन्ही बाजूंनी दोन ऊबदार खांदे टेकले.

"या वेळी मुळीच घाई करू नकोस," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "मागल्या खेपेला तू माझ्याकडे बघून निवडलीस, मला काय कळत नव्हतं होय? आता तुला हवी ती घे. हवा तेवढा वेळ घे. दुकान कुठे पळून जातंय?"

पान उलटलं. गुलाबी कडा. पान उलटलं. सोनेरी रेघा, मग पांढरा सेट, अगदी साधा. तिने त्याच्याकडे बघितलं. नवरा पलीकडे खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत होता, आणि तिने वर बघितलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

"तुम्हीच ठरवा, आई," ती म्हणाली. "मला कुठलीही चालेल."

सासूबाई खुलल्या. चष्मा नाकावर नीट बसवून त्यांनी आणखी दोन पानं उलटली आणि पिवळ्या फुलांच्या एका प्लेटवर बोट ठेवलं.

"ही?"

"हो," धाकटी म्हणाली. "छान आहे."