आखूड उजवा हात

सख्ख्या माहेरी कुणी तिकीट काढून जातं का? ताई गेली. शेजारणींची सहल निघाली होती. "जुन्या काळचं शेत बघू, तिथे कापणीचा उत्सव असतो म्हणे," असं त्या म्हणाल्या आणि हिनेही मान डोलावली. ते शेत आपल्याच धाकट्या भावाचं आहे, याबद्दल मात्र हिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मनात एकच होतं. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचं ते घर तिला खायला उठत होतं. भावाने एकदा, फक्त एकदा, "ताई, आता इथेच राहा" म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव अडकला होता. आपणहून मागायचं? छे! कोणत्या तोंडाने? त्याने घर लोकांना बघायला खुलं केलं, तेव्हा हिनेच फोनवर त्याला फैलावर घेतलं होतं, "आईचं स्वयंपाकघर दाखवून पैसे मिळवणार? लाज कशी वाटत नाही?" तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे एकमेकांची तब्येत विचारायची आणि फोन ठेवायचा.

अंगणात ही गर्दी! एकीकडे लोहाराचा भाता चालला होता, दुसरीकडे शहरातली मुलं पेंढ्या डोक्यावर घेऊन पळत होती आणि त्यांच्या आया फोटो काढत होत्या. आतल्या एका खोलीवर 'मुलींची खोली' अशी पाटी होती. ताई लग्न होईपर्यंत तिथेच झोपायची.

"बाई गं, केवढीशी खोली! कशा राहत असतील?" एक शेजारीण म्हणाली.

"राहत होत्या मजेत," ताई म्हणाली, आणि जरा तोऱ्यातच म्हणाली.

स्वयंपाकघरात मात्र तिचे पाय जागीच खिळले. जुन्या पद्धतीचे कपडे केलेली एक कामाला ठेवलेली बाई घुसळण करत बसली होती. रवीची दोरी डाव्या हाताने लांब ओढायची, उजव्या हाताने जेमतेम वीतभर. उजवं कोपर बरगडीला अगदी चिकटलेलं. हुबेहूब आई! चेहऱ्यात काडीचं साम्य नाही, पण पाठमोरी आईच बसली होती. आई, मी आले गं, असं अगदी ओठांवर आलं तिच्या.

"कुणाला करून बघायचंय?" बाईने विचारलं. शेजारणींनी ताईलाच पुढे ढकललं. ताई बसली, दोरी धरली आणि दोन्ही हात पुरते लांबवून झपाझप ओढू लागली. ताक कसं घुमायला लागलं!

"अहो मावशी, असं नाही!" बाई हसली. "उजवा हात आखूड ठेवायचा, कोपर अंगाशी. ही या घरची पद्धत आहे. मालकांनी स्वतः शिकवलीय, त्यांच्या आईची."

"पद्धत कसली डोंबलाची!" ताईचा आवाज चढला. "खांदा दुखावला होता तिचा!"

दारातून कुणीतरी म्हणालं, "ताई?"

भाऊ उभा होता. डोक्याचे केस पार पांढरे झाले होते. त्याने सगळ्यांना मळणी बघायला खळ्यावर पाठवलं. बाईही समजून बाहेर गेली. तो येऊन ताईसमोर जमिनीवरच बसला.

"कधी दुखावला होता?"

"तू पाळण्यात होतास. बाबांनी बजावलं होतं, शिडीवर चढू नकोस. ही चढली माळ्यावरचं गवत काढायला, आणि पडली. बोलणी नकोत म्हणून कुणाला कळू दिलं नाही. मला म्हणाली, तोंड उघडलंस तर बघ. खांदा तसाच आखडला. बाबांना सांगायची, मला सवयच तशी आहे. आधी ती अशी घुसळायची, बघ." ताईने पुन्हा दोरी ओढली, मोठ्या झोकात, दोन्ही हातांनी.

तो बघत राहिला. हात असा लांबवणारी आई त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"मी तिच्यापुढे हात वर करून उभा राहायचो," तो म्हणाला. "ती उचलायची नाही. मोठा झालास आता, म्हणायची. तुला मात्र झाडाच्या फांदीपर्यंत उचलायची, हे सगळ्यांना सांगायची. मला वाटायचं, आपल्यावर हिचा जीव जरा कमीच. आता हसू येतं म्हणा."

हसू कुठलं यायला? त्याचे डोळे भरले होते.

"अरे वेड्या!" ताई म्हणाली. "तू झोपलास की ती मला हाक मारायची. म्हणायची, याला उचल आणि माझ्या मांडीवर ठेव. मी ठेवायचे. मग कितीतरी वेळ तुझ्या केसांतून हात फिरवत बसायची. तू कूस बदललीस की मला खुणावायची, घे आता, जागा होईल. कितीदा ठेवलंय मी तुला! माझ्या कमरेची वाट लागायची."

भावाने तोंडावर हात घेतला. म्हाताऱ्या माणसाचे खांदे लहान मुलासारखे हलत होते. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच बसली.

बाहेर बसचा भोंगा वाजला. शेजारणी तिला शोधत दारापर्यंत आल्या. "अहो, चला! सगळे खोळंबलेत!"

ताई उठली. दोन पावलं गेलीसुद्धा. मग वळली. इतके दिवस जपलेला सगळा ताठा कुठल्या कुठे गेला.

"मला घरी यायचंय रे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

भाऊ गुडघ्यावर हात टेकत उठला आणि तिच्या पुढे होऊन दारात उभा राहिला.

"तुम्ही निघा," तो शेजारणींना म्हणाला. "ही माझी बहीण आहे."