नाव द्या

मी धक्क्यावरची तोफ बोलतेय. घाबरू नका, माझं तोंड केव्हाच मातीत गेलंय.

परमुलखातल्या भट्टीत मला ओतलं आणि वसाहत करायला निघालेल्या जहाजावर चढवलं. इथे तेव्हा वाळू, चार झोपड्या आणि वाळत घातलेली जाळी, एवढंच. साहेबांनी आधी वखार बांधली, मग तट, मग गोदामं, कचेऱ्या, शाळा. बघता बघता गावाचं शहर झालं. तटावर बसून मी गरजले ती दोनदाच, तीही सलामीला. देवाने माझ्या हातून पाप घडू दिलं नाही. पुढे तट पाडला, धक्का बांधला आणि मला उलटी पुरून होड्या बांधायचा खुंटा केला.

मला वाईट वाटलं नाही. मारण्यापेक्षा धरून ठेवणं बरं.

पलीकडच्या तीरावर माणसं पोचवणाऱ्या नावाड्याची सून नवी नवरी होऊन आली, तेव्हापासून दोर बांधला की माझ्यावर हात ठेवायची. "सांभाळ गं बाई."

मग साहेबांचं कुठेतरी युद्ध पेटलं. दवंडी फिरली, "नाव द्या." तिच्या सासऱ्यांची नाव ओढून नेली, ती परत आली नाही. सासरे मरेपर्यंत संध्याकाळी रिकामा दोर घेऊन माझ्यावर बसत.

साहेब गेले. देश मोकळा झाला. काही वर्षांनी या किनाऱ्याचं वेगळं राज्य झालं, आमचं शहर राजधानी. बंदर कचेरीचा नवा कारकून भोंगा घेऊन आला. "धक्क्यावर मोठ्या बोटी लागणार. जुन्या नावाड्यांना जागा राखून ठेवू. आठ दिवसांत नाव द्या. नाव न देणाऱ्याची जागा जाईल."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एक होडी दिसेल तर शपथ. सगळ्या खाडीत लपल्या.

आठव्या दिवशी कारकून कोरी वही घेऊन माझ्यापाशी बसला होता. ती सून, आता आजी झालेली, कानोसा घ्यायला आली.

"आजी, एकही जण नाव द्यायला आला नाही. संध्याकाळी वही बंद होईल."

"होऊ दे. जीव मागा, नाव मागू नका."

"अहो, नाव द्यायला काय जातं?"

"तुमचं काय जातंय! सासऱ्यांची नेली, ती अजून परत देताय."

कारकुनाने कपाळाला हात लावला. "होडी नकोय, आजी. तुम्हाला हाक मारतात ना, ते नाव."

"मग तसं सांगायचं. शिकलेली माणसं ना तुम्ही?" ती हसली. "मुलाचं लिहा, आता होडी तोच चालवतो."

"तुमचंच लिहितो. आज इथे येऊन जागा तुम्ही राखलीत."

"माझं? ते कशाला लागतंय सरकारला?"

सून, वहिनी, आई, आजी. चाळीस वर्षांत याखेरीज तिला कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. ती इतकं हळू बोलली की कारकुनाला वाकावं लागलं. मीही ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. मग पदर खोचून ती खाडीच्या काठाने हाका मारत गेली. दिवस मावळायच्या आत होड्या एकामागून एक परतल्या आणि वहीचं पान भरलं.

आता मी गंजलेय. तिची नात मला दोर बांधते. बाळांनो, धक्क्यावर आलात तर माझ्यावर खुशाल टेका. आणि दोर ओढणारी बाई दिसली, तर तिला नाव विचारा. होडीचं नव्हे, तिचं.