कोलशेतच्या बाईची जबानी

बाळकुमच्या किरिस्तावांच्या देवळाशेजारच्या शाळेत अँब्रोज मास्तर चौदा वर्षं मुलांना शिकवत होता. मोडी वळणदार, बाळबोध स्वच्छ, आणि इंग्रजी कागद वाचून त्यातलं मर्म सांगता येईल इतकी इंग्रजी. आसपासच्या गावांत कुणाला अर्ज लिहायचा असला, नोटीस वाचून घ्यायची असली की माणसं त्याच्याच पडवीत यायची. कुणबी, आगरी, किरिस्ताव, सगळी. तो कुणाला ‘नाही’ म्हणत नसे. आपल्याला विचारायला येतात याचं त्याला सुख होतं. आणि खरं सांगायचं तर, या सुखानंच पुढे त्याचा घात केला.

त्या वर्षी साऱ्या देशाची मोठी सभा मुंबईत नाताळात भरायची होती. तिची प्रांतिक शाखा मुंबईला, आणि तिच्या हाताखाली ठाण्याला जिल्ह्याची कमिटी. कमिटीचे चिटणीस होते गजाननराव चित्रे वकील. गणपती उठल्यावर आठवड्याभरात त्यांनी मास्तरला बोलावणं धाडलं.

ठाण्याच्या तळ्याकाठी वकिलांचं घर होतं. मास्तर ओटीच्या कडेला उभा राहिला, तर गजाननरावांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. अशा घरात त्याला खुर्ची कुणी प्रथमच देत होतं.

“मास्तर, लोक आम्हांला काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणे, ही वकिलांची सभा. शेतकरी नाही, दर्यावरचा खारवा नाही, कष्टकरी नाही. सरकारही तेच म्हणतं. आम्हांला गावातला माणूस हवा. त्यातून तुम्ही ख्रिस्ती. सगळ्या धर्मांची सभा आहे हे तुमच्याकडे बघून कळेल.”

“मी काय करू शकतो, वकीलसाहेब?”

“मिठाचं काम. खाडीकाठच्या लोकांचे हाल लिहून आणा. नुसती ओरड नको, जबान्या हव्यात. तुमच्या जबान्यांवर मी ठराव मांडीन, आणि मुंबईला प्रतिनिधी म्हणून तुम्ही माझ्या शेजारी बसाल.”

प्रतिनिधी. हा शब्द मास्तर ठाण्याहून बाळकुमपर्यंत चालत तोंडात घोळवत आला. घरी बायकोला, क्लाराला त्यानं तो तीनदा सांगितला. क्लारा मासळी साफ करत होती. ती म्हणाली, “नाताळात तू घरी नसशील, एवढंच मला कळलं.”

मिठाचे हाल सगळ्यांना ठाऊक होते. खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, भरतीचं पाणी आटलं की चिखलावर आपोआप मिठाची पांढरी साय धरायची. पिढ्यान् पिढ्या बायका ती खरवडून घरी न्यायच्या. सरकारच्या मिठाच्या कायद्यानं आता ते चोरी ठरलं होतं. बांधावर चौकी बसली होती, आणि मूठभर मिठासाठी शिपाई बायकांना अडवत, झडती घेत.

पुरुषांनी मास्तरला पुष्कळ सांगितलं. कुणाचं टोपलं फोडलं, कुणाला दंड झाला, कुणाला दिवसभर उन्हात बसवलं. मास्तरनं सगळं लिहिलं. पण झडतीचं कुणी बोलेना. विषय निघाला की माणसं खाली बघत. शेवटी क्लाराच म्हणाली, “बायकांचं तू पुरुषांना काय विचारतोस? मी हौसाबाईला घेऊन येते.”

हौसाबाई कोलशेतची, आगरी. नवरा खाडीत बुडून गेला त्याला पाच वर्षं झाली होती. दिराच्या घरात राहून ती मिठागरावर टोपली वाहायची. वय तिशीचं, बोलणं कमी. क्लाराची तिची ओळख बाजारातली, शेजारी बसून मासळी विकण्याची. क्लारानं तिला स्वयंपाकघरात बसवलं, मास्तरला दाराबाहेर. तो तिथूनच लिहीत होता.

हौसाबाईनं सांगितलं. पदराला मूठभर मीठ बांधलं होतं. शिपायानं पाहिलं, चौकीत नेलं, दार लावलं. पुढचं सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. दोन ओळी मात्र मास्तरला पुन्हा लिहाव्या लागल्या.

“कवा कुनाला सांगितलं नाय,” ती म्हणाली. “क्लाराबाय बोलली म्हणून सांगितलं. पन मास्तरा, माजं नाव नको. दिराला कळलं तर मना घराभाईर काडतील.”

“नाव येणार नाही,” मास्तर दाराबाहेरून म्हणाला. “सायबिणीची आण.”

देवाच्या आईची शपथ त्यानं घेतली तेव्हा ती खरीच होती.

आठ दिवसांनी गजाननरावांनी जबान्या वाचल्या. त्या एका कागदाशी ते थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला. “हे भयंकर आहे. सगळ्या ठरावाचा प्राण हाच कागद. पण ही कोण?”

“नाव न देण्याचं वचन दिलंय, साहेब.”

“मग कागदाची किंमत शून्य. ‘कोणी एक स्त्री’ म्हटलं की उद्या सरकार म्हणेल, वकिलांनी रचलेली कथा. मास्तर, नाव माझ्या कपाटात राहील. माझ्याशिवाय कुणी पाहणार नाही. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

खुर्ची दिलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मास्तरनं दौतीत टाक बुडवला आणि कागदाच्या कडेला नाव लिहिलं. हौसाबाई, राहणार कोलशेत. घरी आल्यावर मात्र हे त्यानं क्लाराला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कल्याणला, खाडीलगतच्या एका भाताच्या वखारीत जिल्ह्याची सभा भरली. पोती एका बाजूला रचून सतरंज्या अंथरल्या होत्या. वकील, इनामदार, दोन डॉक्टर, व्यापारी. मामलेदार कचेरीतला एक कारकून आणि वर्तमानपत्राचा एक बातमीदार मागे बसले होते. मास्तर पहिल्या रांगेत, नव्या कोटात. छातीला तांबडी फीत.

प्रांतिक शाखेतर्फे मुंबईहून एक बॅरिस्टर आले होते. गजाननरावांनी मिठाचा ठराव मांडला, जबान्यांचा गोषवारा सांगितला. बॅरिस्टर शांतपणे म्हणाले, “मिस्टर चित्रे, आरोप गंभीर आहे. मोठ्या सभेपुढे असलं निनावी काही नेता येणार नाही. आपल्यापाशी पुरावा असेल तर मांडा, नसेल तर हा भाग गाळा.”

सगळ्यांच्या नजरा गजाननरावांवर खिळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मास्तरकडे पाहिलं नाही. कागद उचलला आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत, नाव, गाव, चौकीत नेलं, दार लावलं, पुढचं सगळं मोठ्यानं वाचलं.

“शेम! शेम!” वखार दणाणली. माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्या इनामदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. बॅरिस्टरांनी गजाननरावांचा हात हातात घेतला.

मास्तर बसून राहिला. उठावं, ‘थांबा’ म्हणावं, कागद ओढून घ्यावा, हे सगळं त्याला सुचलं, आणि सुचता सुचता वाचन संपलंही. मग शेजारच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाबास मास्तर! हे काम तुमचं, ना?” तो मान हलवून ‘हो’ म्हणाला.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात नावासकट आलं. कोलशेतमध्ये वाचता येणारे दोघंच, पण दोघं पुरेसे होते. दिरानं हौसाबाईचं गाठोडं अंगणात टाकलं. जातीची माणसं बसली आणि पाणी बंद केलं. मिठागराच्या बांधाला लागून एक मोडकी झोपडी होती, तिच्यात ती राहायला गेली.

क्लाराला हे बाजारात कळलं. ती घरी आली, टोपली खाली ठेवली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“माझ्या चुलीपाशी बसून सांगितलं तिनं. तू शपथ घेतलीस.”

“वकिलांनी वचन दिलं होतं...”

“तिनं वकिलाला नाय सांगितलं. तुला सांगितलं.”

क्लारा त्या दिवशी जेवली नाही, आणि नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

गाजावाजा झाला म्हणून सरकारनं चौकशी लावली. ठाण्याला एका बंगल्यात गोरा साहेब बसणार होता. हौसाबाईला समन्स आलं, मास्तरला आलं. गजाननरावांनी त्याला धीर दिला. “घाबरू नका. मात्र शिपायाच्या बाजूनं वकील आहे. बाईला तो उलटसुलट विचारणारच. चारित्र्यावरही जाईल. कायदा तसाच आहे.”

चौकशीच्या आदल्या दिवशी मास्तर देवळात जाऊन बराच वेळ गुडघ्यांवर बसला. उठला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं. आपण पाप केलं, आता आपणच फेडायचं. त्या बाईला भर कचेरीत पुन्हा उघडं पडू द्यायचं नाही. नोकरी जावो, नाव जावो.

बंगल्याच्या व्हरांड्यात हौसाबाई खांबाला टेकून बसली होती. शेजारी क्लारा. हौसाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केस नीट बांधले होते. मास्तर तिच्याकडे न पाहता पुढे गेला. पहिला पुकारा त्याचाच झाला.

साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं, “ही जबानी त्या बाईनं तुम्हांला दिली?”

“नाही, साहेब.”

दुभाषी चमकला. मागे बसलेले गजाननराव अर्धवट उठले.

“बाईनं असं काही सांगितलं नाही. मी मनानं लिहिलं. ठराव जोरदार व्हावा म्हणून. बाईचा काही दोष नाही, तिला काही विचारू नये.”

साहेबानं लेखणी खाली ठेवली. दहा मिनिटांत चौकशी आटोपली. आरोप खोटा, शिपाई निर्दोष. बाईला विचारण्याचं कारण उरलं नाही.

मास्तर बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. तो हौसाबाईपाशी गेला. “बाय, झालं सगळं. तुला आत जावं लागणार नाही. मी सांगितलं, मीच खोटं लिहिलं.”

ती उठून उभी राहिली. आधी तिला समजलंच नाही. तिनं क्लाराकडे पाहिलं, मग दाराकडे. दार चपराश्यानं लावून घेतलं होतं.

“खोटं?” ती म्हणाली. “मी सांगायला आलेलू. आता माजं काय ऱ्हायलंय जायला? घर गेलं, जात गेली. त्या शिपायाच्या तोंडावर सांगनार हुतू, साहेबाच्या म्होरं. चार दिस क्लाराबायला सांगून सांगून पाठ केलं मी.”

“मला वाटलं, तुला त्रास नको...”

“तुला वाटलं!” तिचा आवाज चढला. चपराशी वळून बघायला लागला. “पयल्यांदा माजं बोलनं तू मना न इचारता देऊन टाकलंस. आता मना न इचारता खोटं केलंस. मी हितंच बसलू हुतू, मास्तरा. धा पावलांवर. एकदा इचारायचंस!”

मास्तर क्लाराकडे वळला. क्लारानं हौसाबाईचा हात धरला आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. तो मागून चालत निघाला, पण त्यांनी पावलं झपाझप टाकली, आणि तो मागे राहिला.

पुढचं सगळं लवकर झालं. खोटी जबानी लिहिणारा मास्तर मुलांपुढे नको, म्हणून पाद्रींनी शाळा दुसऱ्याकडे दिली. जिल्हा कमिटीनं ठराव केला की सदर जबानी एका अननुभवी सभासदानं कमिटीची दिशाभूल करून आणली होती, सबब त्याचं प्रतिनिधित्व रद्द. ठरावावर सही गजाननरावांची. मास्तर त्यांना भेटायला गेला. त्यांनी त्याला आत घेतलं, खुर्चीही दिली.

“वकीलसाहेब, तुम्हांला माहीत आहे की ते खरं होतं.”

“मला माहीत आहे,” गजाननराव म्हणाले. “पण ते खोटं, असं तुम्ही शपथेवर म्हणालात. आता ते खरं आहे असं मी कुणाच्या जोरावर म्हणू? सभा वाचवायची तर कुणाला तरी बाजूला करावं लागतं, मास्तर. राग मानू नका.”

मुंबईच्या सभेत मिठाचा ठराव झाला. कर कमी व्हावा, इतकाच. चौकीचं, झडतीचं त्यात काही नव्हतं. तो शिपाई त्याच चौकीवर राहिला, आणि हौसाबाई त्याच बांधावरून टोपली वाहत राहिली, कारण दुसरं काम तिला कुणी देईना.

मास्तर आता सासऱ्याच्या शेतात राबतो. अर्ज लिहून घ्यायला कुणी येत नाही. क्लारा मात्र दर रविवारी दिवस कलला की भाताचं भांडं घेऊन कोलशेतच्या बांधावर जाते. परतताना अंधार होतो म्हणून तो सोबत जातो. हौसाबाई क्लाराच्या हातचं घेते, दोघी झोपडीच्या दारात तासभर बोलत बसतात. तो जवळ गेला तर ती उठून आत जाते. म्हणून तो लांब, बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब, बांधावर उभा राहतो. दोघी काय बोलतात ते क्लारा त्याला सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.