रिकामी जिनिंग

"अप्पा, गावात तुमची कापसाची जिनिंग रिकामी पडलीय, मग ह्या काळ्या रानात प्लॉट कशाला पाडताव?"

प्रश्न मंजुश्रीचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावून तिच्या तोंडात दिला होता. त्या दिवशी येळवस होती, रानात जाऊन पूजा करायची वेळ अमावास्या; निम्मं चाकूर गाव रानात जेवायला गेलेलं. तिच्या वडिलांच्या, शिवप्रसाद अप्पांच्या शेतातही कडब्याच्या कोपीत पांडव पुजले होते, आंबिलीचे तांबे फिरत होते आणि लातूरहून आलेले प्लॉटिंगवाले पाहुणे भज्जीवर तुटून पडले होते. जेवणं उरकली की त्याच रानात चुन्याच्या रेघा ओढायच्या होत्या.

बाभळीखाली बसलेली प्रियदर्शनी म्हणाली होती, "वक्तृत्वात कप आणलीस ना? हिंमत असंल तर इचार तुझ्या अप्पाला, सगळ्यांपुढं!"

दीपमाला तर तिच्याही पुढची. तिचा बाप भीमा जिनिंगचा जुना वॉचमन, गेटाजवळच्या खोलीतच त्यांचं बिऱ्हाड. ती म्हणाली, "हाव ना! आमच्या मागं एवढी मोठी जिनिंग नुसती उंदरं पोसून राहिली. तिथं बांधा म्हणावं. हे रान गेल्यावर येळवशीला आपण काय बसस्टँडवर जेवावं का?"

तिघी खिदळल्या. आणि मागच्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती मंजुश्री ओढणी खोचून उठली आणि पाहुण्यांच्या पंगतीपुढं जाऊन उभी राहिली.

प्रश्न ऐकून वाढणारे हात थांबले. बांधाकडच्या कोपऱ्यात तिची आई गौरम्मा एका बुटक्या ओट्यापुढं पान वाढत होती, तीही थांबली. मंजुश्रीचा थोरला भाऊ पाळण्यातच गेला, तो त्या ओट्याखाली होता. त्यांच्यात जाळत नाहीत, मूठमाती देतात, आणि घरचं माणूस घरच्याच रानात ठेवतात. दर येळवशीला त्याचं पान पहिलं.

अप्पा आधी लाल झाले, मग खो खो हसले. "पोरगी माझीच हाय!"

लातूरवाला बोटं चाटत म्हणाला, "अप्पा, पोरगी खरं बोलली बघा. जिनिंगला रस्ता हाय, नळ हाय, नाली हाय. इथं सगळं नव्यानं आणावं लागतंय. दोन्ही कामं एकदम काय तुम्हाला झेपायची न्हाईत."

चुन्याची पोती पुन्हा जीपमध्ये चढली. गौरम्मानं लेकीच्या पानावर तुपाची धार सोडली ती सोडतच राहिली. दीपमालानं मंजुश्रीला उचलून गरकन फिरवलं. "जितलीस गं!"

मंजुश्री आठवडाभर हवेत होती. नंतर दीपमाला शाळेत यायची थांबली.

मंजुश्री धावत जिनिंगवर गेली, तर गेटाजवळच्या खोलीचे पत्रे उतरवून झाले होते. दीपमालाची आई चांगुणामावशी रस्त्याच्या कडेला चूल मांडून धुरात बसली होती. दीपमाला शाळेच्या गणवेशातच ट्रंकेवर बसलेली.

"या, या! वक्त्या आल्या!"

"दीपे, देवाशप्पथ, माझ्या ध्यानातच आलं न्हाई..."

"माझ्या तरी कुठं आलं? मीच म्हणलं ना, रिकामी हाय म्हणून." ती हसली, पण ते हसू ऐकवेना. "किनवटला मामाकडं चाललोत. मला तिथल्या वसतिगृहात घालणार हायत. आता बाकावर पाय पसरून बस तू."

मंजुश्रीनं तिचा हात धरला. दीपमालानं तो सोडवून घेतला आणि ओढणीला पुसला.

घरी अप्पा जेवत होते.

"अप्पा, भीमाकाकांना काढू नका."

"मी कुठं काढून राहिलो? तूच काढलीस. मी तर रानात रेघा मारणार होतो." अप्पांनी निवांत भाकरी मोडली. "बोर्डावर नाव बी तुझंच टाकलंय. मंजुश्री नगर."

"त्यांची खोली सोडून मागं बांधा ना!"

"लोक शिरतील कुठून? रस्ता गेटापासूनच हाय."

"मग त्यातलाच एक प्लॉट द्या त्यांना."

"आन् वॉचमनच्या शेजारी दुसरा प्लॉट घील कोण?" अप्पांना आता रंग चढला होता. त्यांनी ताट सारलं. "बरं, असं कर. तूच ठरव. सगळ्यांपुढं इचारायला येतंय, मग घरात सांगायला बी आलं पाहिजे. जिनिंग सोडतो, माझा शब्द. पण मग रान. आन् रानात शिरायचा रस्ता बांधाच्या कोपऱ्यातूनच जातोय, तुझ्या भावावरून. आई बसलीय समोर. तिच्या तोंडाकडं बघून सांग."

गौरम्मा सरकत जवळ आली. तिनं लेकीची दोन्ही मनगटं धरली.

"मंजू, ती जिती माणसं हायत बाई, कुठं बी राहतील. माझ्या लेकराला उठून जायला पाय हायत का?"

"दीपमालाला हायत म्हणून तिनं जावं का, आई?"

"ती आपली कोण हाय?"

अप्पा दातात काडी घालून बघत होते. सिनेमा बघावा तसे.

स्पर्धेला जाताना बाईंनी मंजुश्रीला एकच शिकवलं होतं: बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, भिंतीकडं न्हाई. तिनं आईच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत येळवशीचं तूप होतं, आणि कोपऱ्यातलं ते पान. तिनं मनगटं सोडवून घेतली. दीपमालानं हात सोडवला होता, तशीच.

"रान," ती म्हणाली. आवाज कप मिळाला त्या दिवशीसारखाच खणखणीत निघाला. "प्लॉट रानातच पाडा, अप्पा. भीमाकाकाच्या खोलीवर उद्याच्या उद्या पत्रे चढवा, मी तिथं उभी राहून बघणार हाय. आन् दादाला त्या कोपऱ्यातून मी हलवणार, माझ्या हातानं. आई, त्या दिवशी तू रानात येऊ नको."