वरच्या वळणाचा मासा

सकाळचे ऊन प्रयोगशाळेत कधी एकदम येत नसे. आधी ते समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर रेंगाळे, मग खिडकीच्या वरच्या काचेवर चढे, आणि शेवटी एखाद्या संकोची पाहुण्यासारखे आत येऊन ओट्याच्या कडेशी टेके. काचेवरच्या धुळीतून गाळून आल्यामुळे त्याचा रंग पातळ चहासारखा दिसे. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, फॉर्मलिनच्या बरण्यांची झाकणे, खुंटीवरचा पांढरा कोट, त्याला कशाचेच वावडे नसे. फिरत फिरत ते मेणाच्या ठोकळ्यांवर येई. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात माशाच्या अवयवाचा नखाएवढा तुकडा बसवलेला असे, आणि मेण उजळले की तो आतून सावलीसारखा उमटू लागे. या वेळी तिथे तो तरुण सहायक एकटाच असे. इतक्या शांत उजेडात काही वाईट असूच शकत नाही, असे त्याला रोज वाटे, आणि त्या वाटण्यावर तो अर्धा दिवस काढी.

त्याचे काम नर माशांचे वृषण कापण्याचे. मेणात बसवलेल्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. कारखान्याचा नाला नदीला मिळतो, तिथून खालचा गाळ अशा रसायनांनी भरला आहे, जी शरीरात शिरून मादीच्या संप्रेरकांचे सोंग घेतात, अशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना शंका होती. तसे असेल, तर तिथल्या नरांच्या वृषणात अंडी दिसायला हवी होती.

अंडी दिसत होती. जांभळ्या बारीक दाण्यांच्या गर्दीत मधूनच एखादा मोठा, गोल, गुलाबी गोळा. पण तुलनेसाठी स्वच्छ जागेचे मासे आणले, तर त्यांच्यातही तेवढेच गोळे निघाले. तेव्हा ‘एवढे निसर्गतः असतेच’ असे ठरले आणि शंका बारगळली. ती स्वच्छ जागा त्यानेच सुचवली होती. वरचे वळण. कारखान्याच्या बरेच वर, पाणी नितळ, आणि त्याचे बाबा तिथेच जाळे टाकत. मासे घरूनच डब्यात घालून आणता येत.

त्या निष्कर्षाने सर्वांत जास्त जीव भांड्यात पडला होता तो त्याचाच. घरात वहिनी पोटुशी होती. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, म्हणून या खेपेला ती पाणीसुद्धा विचारून पीत असे.

“भावजी, तुम्ही माशांचे डॉक्टर,” सुरुवातीलाच तिने गाठले होते. “खाऊ की नको, ते एकदाच सांगून टाका.”

“बाजारातला नको. बाबांच्या जाळ्यातला खा, बिनधास्त.”

“नक्की?”

“माझ्या शब्दावर भरवसा नाही का?”

“आहे हो! वर्षाकाठी चार शब्द बोलता, त्यातला एक माझ्या वाट्याला आला. वाया कसा घालवीन?”

त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एक वेगळाच काप होता. एका कॉलेजने जुनी कपाटे रिकामी केली, त्यातली एक बरणी मॅडमनी उचलून आणली होती. आत त्याच जातीचा नर मासा होता, कारखाना उभा राहण्यापूर्वी पकडलेला. विद्यार्थ्यांना दाखवायला बरा, म्हणून त्याने त्याचे काप काढले होते.

त्याने भिंग जुळवले. नुसते बारीक दाणे, एकसारखे, चाळून ठेवल्यासारखे. मोठा गोळा एकही नाही. त्याने पट्टी सरकवली, दुसरी लावली, तिसरी लावली. मग मॅडम आल्या आणि त्याच्या खांद्यावरून वाकल्या.

“अरे, यात तर काहीच नाही.”

“जुना आहे ना मॅडम. खराब झाला असेल.”

“खराब झालेला इतका नीट दिसतो होय?” त्यांनी वरच्या वळणाची पट्टी शेजारी ठेवली. एकदा हिच्यात पाहिले, एकदा तिच्यात. मग चष्मा काढून त्या स्टुलावर बसल्या. “आपण आजाऱ्याच्या शेजारी दुसरा आजारी उभा केला आणि म्हणालो, दोघं सारखेच दिसतात, म्हणजे धडधाकटच आहेत.”

तो बरणीचे झाकण घट्ट करू लागला.

“पण वरच्या वळणावर हे आलं कुठून? तू तिथलाच ना?”

पूर्वी तिथला काठ ढासळू लागला तेव्हा कारखान्यासमोर उपसलेला गाळ मोठ्या होड्यांत भरून वर आणला होता आणि काठाला लिंपला होता. त्या मऊ काळ्या ढिगांवरून तो लहानपणी घसरत असे.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

संध्याकाळी तो घरी पोहोचला, तेव्हा बाबा दाराशी जाळे सांधत बसले होते आणि आत वहिनी ताटावर बसत होती.

“ये,” बाबा म्हणाले. “आजचेही सगळे गाबोळीवाले, पोटात अंडीच अंडी. हल्ली नर औषधालासुद्धा सापडत नाही. नदी प्रसन्न आहे बघ आपल्यावर.”

वाटभर त्याने थापा जुळवल्या होत्या: आता उष्ण पडेल म्हणावे, डॉक्टरांचे नाव पुढे करावे. आजपासून नको एवढेच म्हटले, तर कालपर्यंतचे झाकून गेले असते.

“वहिनी, तो मासा नका खाऊ.”

“का? नजर लावताय? तुमचं ताट वाढते, थांबा.”

“नका खाऊ. आजपासून नकोच.”

बाबांचा हात थांबला. “माझ्या जाळ्यातला आहे तो.”

“म्हणूनच, बाबा.”

वहिनीने घास परत ताटात ठेवला. “बाळाला काय होतं यानं?”

“माहीत नाही. नीट कुणालाच माहीत नाही.”

“औषध असेल ना काही? अंगातून काढून टाकायला?”

“नाही.”

तिने ताट बाजूला सारले आणि हात पोटावर ठेवला. इतका वेळ ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आता तिच्या स्वरात थट्टेचा लवलेशही उरला नव्हता.

“भावजी, आजपासून नको, की पहिल्यापासूनच नको होता?”

बाहेर जाळ्याची सुई पुन्हा चालू झाली नाही.

“पहिल्यापासूनच,” तो म्हणाला. “वरचं वळण स्वच्छ आहे की नाही, हे मी कधी तपासलंच नव्हतं.”