डावीकडचं दार

आगीच्या बंबावर नोकरी करते म्हणून सासरी तिला सगळे बंबवालीच म्हणत. आधी चिडवायला म्हणत, पुढे ती अधिकारी झाली तसं कौतुकानं म्हणायला लागले. आज महिलांच्या संमेलनात तिचा सत्कार होता आणि संमेलन भरवलं होतं तिच्या थोरल्या नणंदेनं, वन्संनी. वर्षभर वन्सं झपाटल्यासारख्या राबल्या होत्या. संशोधक, वैमानिक, गिर्यारोहक, कुठून कुठून बायका जमवल्या होत्या. सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मुली मंचाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.

आत शिरताच सवयीनं बंबवालीची नजर दारांकडे गेली. मागचं उघडं होतं. उजवीकडचं मंचाच्या सजावटीमागे गाडलं गेलं होतं. डावीकडच्या दाराला साखळी आणि कुलूप.

ती तडक वन्संकडे गेली.

"वन्सं, ते दार उघडायला सांगा."

"अगं, पलीकडे जेवणाची टेबलं मांडलीत. दार उघडं दिसलं की भाषण अर्ध्यावर टाकून पळतात सगळ्या. मीच लावायला सांगितलंय."

"एवढ्या बायका एका दारातून निघणार नाहीत. काही झालं तर..."

"काही होत नाही. आज तरी ड्यूटी बाजूला ठेव आणि पुढे जाऊन बस."

मग तिनं सभागृहाच्या व्यवस्थापकाला गाठलं. "जेवणाच्या सुट्टीत उघडतो ना, मॅडम," म्हणत तो हसला आणि सटकला.

ती पुढच्या रांगेत जाऊन बसली खरी, पण खुर्ची टोचत होती. वैमानिक बाई रंगात आल्या होत्या, हशा पिकत होता. हिच्या कानात काही शिरत नव्हतं. वर प्रखर दिवे, त्यांच्या वायरींचा लोंबता गुंता, खाली खेटून बसलेल्या पोरी. गप्प बसावं तर जीव थाऱ्यावर नाही. बोलावं तर वन्संशी कायमचं वाकडं.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. स्मृतिचिन्ह हातात आलं, टाळ्या झाल्या. वन्संचा चेहरा अभिमानानं फुलला होता. तो पाहून तिची जीभ क्षणभर अडखळली.

"मला धाडसावर बोलायला सांगितलंय," ती माईकवर म्हणाली. "पण ते डावीकडचं दार उघडेपर्यंत मी बोलणार नाही."

काय झकास सुरुवात, असं वाटून लोक हसले. ती तशीच उभी राहिली. हसू विरलं, कुजबुज सुरू झाली. वन्सं जवळ आल्या आणि दातओठ खात पुटपुटल्या, "शोभा करू नकोस."

"दार, वन्सं."

"चारचौघांत माझं नाक कापतेयस तू."

"रागवा हवं तर. पण दार उघडायला लावा."

शेवटी वन्संनी हात केला. व्यवस्थापक जुडगा घेऊन दाराशी गेला. एक किल्ली लावली, दुसरी लावली. सगळ्या माना तिकडे वळल्या. जुडगा संपला, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुजबुज थांबली. नुसती किल्ल्यांची खुळखुळ ऐकू येत होती.

"यातली... यातली कुठलीच लागत नाही," तो बारीक आवाजात म्हणाला.

पायऱ्यांवरची एक मुलगी उठली. तिच्यामागे आणखी चार. मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. आता कुणी एक जरी धावली असती, तरी त्या एकाच दारात चेंगराचेंगरी झाली असती.

"कुठेही आग नाही!" तिनं कवायतीचा आवाज लावला. "धावायचं नाही. जिथल्या तिथे थांबा."

माईक तिच्या हातातून कुणीतरी काढून घेतला. वन्सं होत्या. आवाज कापत होता, तरी त्या बोलल्या, "मागच्या रांगेपासून एकेक रांग बाहेर निघेल. उरलेलं संमेलन अंगणात. पायऱ्यांवरच्या मुलींनो, बसा गं, तुमची पाळी येतेय."

बंबवाली धावत मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. एकेकीला हातानं वाट दाखवत होती, रेटणारीला दटावत होती. शेवटची बाई बाहेर पडली तेव्हा तिचे कपडे घामानं भिजले होते. गिर्यारोहक बाईंचं भाषण बाहेर, उन्हात, माईकशिवाय झालं.

त्या दिवशी वन्सं तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर कधीतरी त्यांचा फोन आला.

"संमेलनाच्या क्षणचित्रांची फिल्म तयार होतेय. किल्ल्यांचा भाग ठेवायचा का विचारतायत."

"तुम्ही ठरवा."

"ठेवा म्हटलं. त्यात माझं थोबाड दिसतंय, तेवढं काढायला लावलंय. राग गेलेला नाही हं माझा."

"माहितीय, वन्सं."

"आणि आता कुठेही गेले की आधी दारं बघत बसते मी. कुठे लक्ष म्हणून लागत नाही. तुझ्यामुळे!"