वोल्शिंकेचं लाल पाणी

ईस्टरच्या पहाटे अख्खा गाव वोल्शिंका ओढ्याच्या काठावर जमला होता आणि कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. शेजारच्या कोळशाच्या खाणीनं जमिनीतलं पाणी उपसून हा ओढा कधीच कोरडा पाडला होता. आज तो खळखळ वाहत होता. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसावेत.

न बोलण्याची आमची जुनी रीत आहे. ईस्टरला उजाडायच्या आत बायका वाहतं पाणी भरतात आणि घरी पोचेपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. त्या पाण्यानं कांती उजळते, डोळे निवतात, असं मानतात, म्हणून ते वर्षभर जपून ठेवतात. वाटेत बोललं की पाण्याचा गुण गेला.

गप्प राहण्याचा नियम बायकांना होता, क्रालबुवांना नव्हता. हे ब्यार्नात क्राल पूर्वी जुन्या मोटारी विकत. हल्ली ते अंगावर पांढरी शाल घेऊन लोकांचे आजार काढतात. 'ईस्टरला ओढा उठेल,' असं त्यांनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं. आता ते हात पसरून पाण्यात उभे होते.

"मन शुद्ध, तर पाणी शुद्ध," ते गरजले. "जी वाटेत बोलेल, तिचं पाणी लाल होईल. मग माझ्याकडे यायचं. माझ्याजवळ मौनात भरलेल्या बाटल्या आहेत."

त्या बाटल्यांना मेणाचं सील होतं आणि शेजारी दानपेटी होती. पेटीला मात्र सील नव्हतं.

मी लेना. गावात औषधांचं दुकान चालवते. वोर्शामावशी, म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, काचबिंदूचे थेंब माझ्याकडूनच नेतात. ईस्टरनंतर त्या फिरकल्याच नाहीत. मे संपत आला तेव्हा मीच त्यांच्या घरी गेले. त्या बुवांच्या बाटलीतल्या पाण्यानं डोळे धूत होत्या. थेंब केव्हाच बंद केले होते.

"अहो, तुम्ही स्वतः आणलेल्या पाण्याचं काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि कपाटामागून पाण्याचा जग काढला. पाणी गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं झालं होतं.

"वाटेत कुत्रं अंगावर आलं गं. 'हाड' म्हणून गेले मी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस."

मला संताप आला. कुत्र्याला हाड म्हटलं म्हणून एक शहाणी बाई स्वतःला पापी समजत होती आणि तो भामटा तिचे डोळे घालवत होता. दुकानात येणाऱ्या बायकांना मी सहज विचारलं, तर प्रत्येक जण म्हणे, माझं पाणी छान आहे. दाखवायला मात्र कुणी तयार होईना.

मग मी ओढ्याच्या काठानं वरच्या अंगाला चालत गेले. इतकी साधी गोष्ट गावात कुणीच केली नव्हती. झाडीमागे खाणीकडून आलेला जाड काळा पाइप होता आणि त्यातून पाणी धो धो पडत होतं. पाइपाच्या वर ओढा पूर्वीसारखाच कोरडा ठणठणीत. चौकशी केली तेव्हा कळलं, खाणीनं उपसलेलं पाणी या वसंतात ओढ्यात सोडायला सुरुवात केली होती, आणि पाइप टाकणाऱ्यांत बुवांचा सख्खा मेहुणा होता. भविष्य कळायला तेवढं पुरतं.

पुढच्या रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बुवांचं प्रवचन होतं. मी उभी राहिले आणि बायकांना आपापले जग आणायला सांगितलं. कुणी हललं नाही. मावशींना मात्र मी आधीच पटवून ठेवलं होतं. त्यांनी पिशवीतून आपला लाल जग काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी हाड म्हणाले होते."

थोड्या वेळानं एक जण उठून घरी गेली. मग दुसरी. टेबल जगांनी भरलं. सगळे लाल. शेवटी पाद्र्यांची बायको हिल्झा आली. ईस्टरला तिचा घसा इतका बसला होता की आठवडाभर आवाजच फुटत नव्हता. तिचंही पाणी लाल.

"ती मनात बोलली असेल," बुवा म्हणाले. पहिल्यांदाच लोक त्यांना हसले.

मी त्यांच्याच बाटलीचं सील फोडलं. पाणी पांढऱ्या बशीत ओतलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि ढवळत राहिले. शेजारी नळाचं पाणी घेऊन तसंच केलं. नळाचं जसंच्या तसं राहिलं. बुवांचं आधी हिरवट झालं, मग हळूहळू लाल. खाणीच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. हवा लागेपर्यंत ते दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो. सोड्यानं ते लवकर होतं, घरच्या उघड्या जगात सावकाश; ओढ्यात तोवर पाणी पुढे वाहून गेलेलं असतं. बुवा बाटली काठोकाठ भरून मेण लावत. आत हवाच नाही, तर गंज कुठून चढणार? त्यात त्यांचं मौन एवढंच की त्यांनी पाइपाबद्दल तोंड उघडलं नाही.

बुवांनी शाल आवरली आणि ते मागच्या दारानं गेले. दानपेटी न्यायला विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना कॉटबुस शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा थेंबांनी टिकेल. डाव्याची नजर गेली, ती परत येत नाही. परतताना त्यांनी थेंबांची बाटली पिशवीत नीट ठेवली.

"इतक्या जणींचं लाल झालं होतं," त्या म्हणाल्या. "एकीनं तरी मला सांगायचं होतं."

रीत पाळायची तर खुशाल पाळा. पण ओढा अचानक वाहू लागला तर वर चालत जा आणि पाणी कुठून येतंय ते डोळ्यांनी बघा. घरातलं पाणी लाल झालं तर कपाटामागे दडवू नका, शेजारणीला दाखवा आणि तिचंही बघा. त्यात लाज कसली? ईस्टरच्या आठवड्यात कुणी एकीनं एवढं केलं असतं, तर वोर्शामावशींना आज दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं.